खेळांची सोबतपुस्तके आणि चित्रकथेचे कारागीर

(प्रस्तावना)

ज्या पुस्तकाच्या आरंभी ही प्रस्तावना जोडली जात आहे, त्याचा विषय मराठी वाचकाला नवा आहे. व्हिडिओ गेमच्या जोडीने निघणारी पुस्तके, म्हणजे खेळाची वाट दाखवणारी मार्गदर्शके, खेळातल्या राज्यांचे इतिहास, पात्रांच्या चित्रांचे संग्रह. आणि ही पुस्तके एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणारे चित्रकथांचे प्रकाशक, असा हा दुहेरी विषय. वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. घरातले मूल मोबाइलमधून डोके वर काढत नाही, ही ज्यांची रोजची तक्रार, त्यांना त्याच खेळावर पुस्तक काढायचे म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखे वाटेल. मला नेमके उलटे वाटते. का वाटते, ते सांगायला थोडा विस्तार करावा लागणार आहे.

म्हणणे थोडक्यात असे. मूल ज्या जगात रोज वावरते, त्या जगाबद्दल त्याला आपल्या भाषेत वाचायला मिळाले पाहिजे. असे वाचन घडवण्याची कारागिरी जगभर चित्रकथांच्या प्रकाशकांच्या हाती आहे. मराठीतही ती होती आणि पाव शतक ती जोमात चालली. ती पुन्हा कामाला लावणे आपल्या आवाक्यातले आहे.

१

व्हिडिओ गेमला पुस्तक हवेच कशाला, हा प्रश्न आज पडतो. सुरुवातीच्या काळात तो कुणाला पडला नसता, कारण तेव्हा निम्मा खेळ कागदावरच असे. निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला. तो सबंध खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या पन्नासपट जागा सहज खातो. तेवढ्याशा जागेत उड्या बसल्या, शत्रू बसले, नाणी आणि संगीत बसले. गोष्ट मात्र बसली नाही. ती खोक्यातल्या छापील पुस्तिकेत दिली होती. मशरूम राज्यावर कासवांच्या टोळीने चाल केली, काळ्या जादूने तिथल्या गरीब प्रजेचे दगड, विटा आणि झाडेझुडपे करून टाकली, आणि ही जादू उलटवू शकणारी एकुलती एक राजकन्या टोळीच्या राजाने पळवून नेली, असे ती पुस्तिका सांगते. हे वाचल्यावर मारिओ उडी मारून ज्या विटा फोडतो त्यांच्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. पडद्यावर काहीच बदललेले नसते, तरी कागदावरच्या दोन ओळींनी खेळ बदललेला असतो.

‘द लेजन्ड ऑफ झेल्डा’ १९८६ साली जपानात आणि पुढल्या वर्षी अमेरिकेत आला. त्याच्यासोबत घडीचा नकाशा मिळे. नकाशावर सगळ्या वाटा दाखवलेल्या नसत, थोड्या मुद्दाम झाकून ठेवलेल्या असत. नकाशा मांडीवर, यंत्र हातात, नजर पडद्यावर, असा तो खेळ खेळायचा होता. पुस्तिका ही त्या खेळाच्या रचनेतच धरलेली होती.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात हे खेळ आले ते बहुतेक नकली यंत्रांवर. एका कार्ट्रिजमध्ये शेकड्यांनी, हजारांनी खेळ असल्याचा दावा त्यावर छापलेला असे, पण पुस्तिकेचा पत्ता नसे. ‘कॉन्ट्रा’तले दोन सैनिक कुणाशी लढताहेत, ‘मारिओ’तली कासवे का चिडली आहेत, हे न कळता एक पिढीच्या पिढी ते खेळ खेळली. बोटांना सगळे पाठ होते, गोष्ट ठाऊक नव्हती. खेळाच्या गोष्टीशी आपली पहिली भेट अशी अर्धवट झाली, आणि त्या अर्धवटपणाची आपल्याला सवय झाली. आजही मोबाइलवरच्या खेळाला काही पूर्वकथा असते, कुणीतरी बसून ती लिहिलेली असते, हे आपल्या मुलांच्या आणि पालकांच्याही गावी नसते.

२

तिकडे पुस्तिकेचे पुढे मोठे पुस्तक झाले. १९८८ साली अमेरिकेत ‘निन्टेन्डो पॉवर’ हे नियतकालिक निघाले आणि नकाशे, युक्त्या, अवघड टप्प्यांची उकल छापू लागले. १९९० मध्ये प्रिमा आणि १९९३ मध्ये ब्रेडीगेम्स या संस्था सुरू झाल्या. प्रत्येक मोठ्या खेळाबरोबर त्यांचे जाडजूड मार्गदर्शक बाजारात येई. कोणत्या दाराची किल्ली कुठे, कोणता राक्षस कोणत्या शस्त्राला दबतो, अशी ती उत्तरांची पुस्तके होती. मग इंटरनेट आले. तीच उत्तरे फुकट आणि हलत्या चित्रांतून मिळू लागली. २०१५ मध्ये या दोन संस्था एक झाल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

या घडामोडीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. उत्तरांसाठी पुस्तक घेणारे गिऱ्हाईक गेले, पण खेळाच्या जगात रमणारा वाचक गेला नाही. किल्ली कुठे हे व्हिडिओत कळते. तो किल्ला कुणी बांधला, त्याच्या भिंतींवरची अक्षरे कोणत्या लिपीतली, पात्राचा पहिला आराखडा कसा होता आणि तो का बदलला, हे निवांत पाने उलटत वाचायचे असते. त्यामुळे मार्गदर्शके मागे पडली तरी इतिहासग्रंथ आणि चित्रसंग्रह वाढत गेले. ते हाताळणारे प्रकाशकही बदलले. उत्तरे विकणाऱ्यांच्या जागी चित्रे आणि गोष्टी विकणारे आले.

३

यातले ठळक उदाहरण ‘हायरूल हिस्टोरिया’चे. झेल्डा मालिकेला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने टोकियोच्या शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने डिसेंबर २०११ मध्ये हा ग्रंथ काढला. त्यात तीन भाग आहेत. पहिल्यात त्याच वर्षी आलेल्या ‘स्कायवर्ड सोर्ड’ या खेळाचे जग आहे, दुसऱ्यात हायरूल राज्याचा कालक्रम आहे, आणि तिसऱ्यात पंचवीस वर्षांची रेखाटने. शेवटी आकिरा हिमेकावा या जोडनावाने चित्रे काढणाऱ्या दोन चित्रकर्तींची छोटी चित्रकथा आहे. चाहते वर्षानुवर्षे ज्यावर वाद घालत होते तो प्रश्न, म्हणजे या मालिकेतले सगळे खेळ एकाच इतिहासात बसतात का आणि कसे, त्याचे अधिकृत उत्तर पहिल्यांदा छापील पानावर आले. १९९८च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’नंतर इतिहासाला तीन फाटे फुटतात, अशी ती मांडणी.

त्याचे इंग्रजी भाषांतर जानेवारी २०१३ मध्ये आले ते डार्क हॉर्सकडून. ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली, १९८६ साली सुरू झालेली चित्रकथांची संस्था. ‘लोन वुल्फ अँड कब’ या सामुराई चित्रकथेचे अठ्ठावीस खंड तिने इंग्रजीत आणले होते. जपानी पाने कशी वाचायची, कशी मांडायची, संवादाच्या फुग्यातला मजकूर कसा बदलायचा, याचा तिचा हात बसलेला होता. ग्रंथ बाहेर पडला तेव्हा ॲमेझॉनच्या विक्रीयादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. पुढे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या जगाचा इतिहासही २०१६ पासून खंडशः डार्क हॉर्सनेच काढला. कॅनडातल्या उडॉन या चित्रकथा-संस्थेने ‘ओकामी’ आणि ‘स्ट्रीट फायटर’सारख्या कॅपकॉमच्या खेळांचे चित्रसंग्रह इंग्रजीत आणले.

युरोपात पाहावे तर तिथेही तेच. ‘हायरूल हिस्टोरिया’ फ्रेंचमध्ये सोलेय या संस्थेने काढला, स्पॅनिशमध्ये बार्सिलोनाच्या नॉर्मा एदितोरियालने, जर्मनमध्ये टोकियोपॉपने. तिन्ही संस्था चित्रकथांच्या. एकाच ग्रंथासाठी वेगवेगळ्या देशांत त्याच प्रकारचा प्रकाशक पुढे आला, हा योगायोग म्हणता येत नाही. कादंबऱ्या छापणाऱ्याकडे चांगला भाषांतरकार असतो, पण चित्राच्या कुशीत मजकूर बसवणारी माणसे नसतात. कलाग्रंथ छापणाऱ्याकडे रंगांची समज असते, पण शंभर पात्रांची नावे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तशीच ठेवण्याची शिस्त नसते. चित्रकथेच्या कार्यालयात या दोन्ही गोष्टी रोजच्या असतात.

४

ही कारागिरी म्हणजे काय, ते एका पानाजवळ जाऊन पाहू. रेखाटनांच्या भागात एका पात्राची पाच-सहा रूपे काढलेली असतात. बाजूला चित्रकाराने पेन्सिलीने टिपणे लिहिलेली असतात, की पट्टा इथे जाड, टोपी जरा मागे, ही मान नको, मागची बरी. ही टिपणे त्या चित्राचा भाग आहेत. ती पुसून भाषांतर घातले तर चित्रकाराचा हात पुसला जातो, आणि तशीच ठेवली तर वाचकाला कळत नाहीत. म्हणून मूळ अक्षरे राखून शेजारी बारीक टाइपात अर्थ द्यायचा. त्यासाठी जागा शोधायची, बाण वळवायचा, आणि जागा नसेल तिथे आठ शब्दांचा आशय चार शब्दांत आणायचा. भाषांतरकार, अक्षरकार आणि मांडणीकार एका टेबलाशी बसल्याखेरीज हे पान उभे राहत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. राज्ये, नद्या, तलवारी, राक्षस, औषधे यांची नावे खेळात जशी आली तशीच पुस्तकात यावी लागतात. त्यासाठी नामकोश केला जातो आणि हक्कधारक कंपनी त्यावर बोट ठेवून मान्यता देते. मजकूर, मांडणी, मुखपृष्ठ, सगळे तिच्या नजरेखालून जाते. फ्रेंच किंवा जर्मन भाषांतरकाराला यात एक मोठा आधार असतो. खेळच आधी त्याच्या भाषेत आलेला असतो, नावे ठरलेली असतात. मराठी भाषांतरकाराला हा आधार नाही. खेळ मराठीत नाही, पण पुस्तक मराठीत करायचे, म्हणजे त्या जगाची मराठी पहिल्यांदा पुस्तकातच घडणार. ही मोठी जबाबदारी आहे, आणि माझ्या मते मोठी संधीही. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्यावर आहे. त्यात मी धरलेले धोरण साधे आहे: मुलाच्या कानावर जी नावे खेळातून पडलेली आहेत, माणसांची आणि गावांची, ती तशीच ठेवावीत, जी वस्तू, जागा किंवा पदवी वर्णनाने ओळखली जाते ती बेधडक मराठीत आणावी.

तिसरी गोष्ट लिपीची. इंग्रजी चित्रकथेत सगळी अक्षरे मोठी, एका उंचीची असतात. ती वरखाली जात नाहीत, म्हणून ओळी एकमेकींना चिकटून बसवता येतात. देवनागरीला वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार लागतो, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळींत मोकळीक सोडावीच लागते. ज्या फुग्यात इंग्रजीच्या पाच ओळी मावतात तिथे मराठीच्या चार मावल्या तरी पुष्कळ. शिवाय फुगा मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता. प्रत्यय जोडलेला मराठीतला लांब शब्द वरच्या किंवा तळच्या ओळीत आला की अडकतो. जाणता भाषांतरकार आधी फुगा पाहतो, मग वाक्य रचतो.

५

हे सगळे मराठीत कुणी केले होते का? केले होते, आणि झोकात केले होते. मुंबईच्या टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला फँटम आपल्याकडे वेताळ म्हणून अवतरला, आणि मराठी घरांत असा रुळला की तो परदेशातून आला आहे हे सांगावे लागे. त्याच्या मागोमाग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले. वर्तमानपत्रातल्या रोजच्या आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या उभ्या पानात बसवायच्या म्हणजे चौकटी कापायच्या, हलवायच्या, काही गाळायच्या. जिथे मूळ नावे इथल्या वाचकाला खटकण्यासारखी होती तिथे संपादकांनी ती बदलली. वेताळाचा बंगाला हा देश डेंकाली झाला, आणि सिंह नावाच्या चाच्यांची टोळी सिंगा झाली. मग एकदा ठरलेले नाव पुढे वर्षानुवर्षे कुणी हलवले नाही. आज जिला नामकोश म्हणून मान दिला जातो, ती शिस्त इथे गाजावाजा न करता पाळली जात होती.

इंद्रजाल मासिकाचे पाक्षिक झाले, पुढे साप्ताहिक झाले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला ‘बहादूर’ त्यात आला. परक्या नायकांची भाषांतरे करता करता त्याच छापखान्यात इथला नायक घडला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. १९९० मध्ये मालिका थांबली तेव्हा आठशेवर अंक निघून गेले होते.

अमर चित्र कथेची सुरुवातही अशीच बोलकी आहे. इंद्रजालच्या उभारणीत वाटा असलेल्या अनंत पै यांनी १९६७ साली इंडिया बुक हाउसच्या साह्याने ही मालिका काढली. तिचा पहिला भारतीय विषय कृष्ण. पण कृष्णाच्या अंकाचा क्रमांक अकरा आहे, कारण आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. भाषांतराच्या दहा पायऱ्या चढून ती मालिका आपल्या गोष्टींपाशी पोहोचली. तिच्या चित्रकारांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी नावे आहेत. पुण्याच्या प्रताप मुळीकांनीच पुढे राज कॉमिक्सच्या नागराजाला सुरुवातीचे रूप दिले. चित्रकथेचा हात महाराष्ट्राला परका नाही, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

या मालिका अनेक भाषांत निघत, त्यामागे छपाईची एक युक्ती असे. ऑफसेटमध्ये चार रंगांच्या चार प्लेटा असतात: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. मजकूर फक्त काळ्या प्लेटीत ठेवला, तर उरलेल्या तीन प्लेटा सगळ्या भाषांना चालतात. रंगीत पाने एकदाच मोठ्या संख्येने छापून घ्यायची आणि भाषेगणिक फक्त काळी प्लेट बदलायची. खर्च वाटला जातो आणि लहान भाषेलाही रंगीत पुस्तक परवडते. पथ्य एवढेच की रंगीत पट्ट्यावर पांढरी अक्षरे घ्यायची नाहीत, कारण तसे केले की चारही प्लेटा बदलाव्या लागतात. जगभरची सहआवृत्त्यांची छपाई आजही याच पथ्यावर चालते.

६

आता मी जिथे बसून हे लिहितो आहे त्या भिवंडीतल्या निजामपुऱ्याकडे येतो. भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात, अलीकडे गोदामे. भिवंडीच्या भाषा फार कुणी मोजत नाही. कोकणी मुसलमानांची जुनी घरे, उत्तरेतून आलेल्या विणकरांची उर्दू, पद्मानगरातल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू, भोवतालच्या गावांतली आगरी बोली, आणि या सगळ्यांच्या मध्ये शाळेतली, कचेरीतली मराठी. संध्याकाळी माग थांबला वा दिवे गेले की गल्लीतल्या पायरीवर चार मुले एका मोबाइलभोवती जमतात. चौघांची घरची भाषा वेगवेगळी असू शकते. खेळ एकच असतो, आणि त्यातला मजकूर इंग्रजी.

शेजारचा एक आठवीतला मुलगा उर्दू शाळेत शिकतो. त्याच्या हाती एकदा ‘हायरूल हिस्टोरिया’ची इंग्रजी प्रत दिली. त्याने ती सवयीने मागून उघडली, आणि शेवटी असलेली चित्रकथा उजवीकडून डावीकडे पाहायला लागला. जपानी चित्रकथा तशीच वाचायची असते. इंग्रजी आवृत्तीतही तो क्रम राखलेला आहे, आणि इंग्रजी वाचकाला तो समजावून द्यावा लागतो. या मुलाला काही सांगावे लागले नाही. “चाचा, हे तर आमच्यासारखंच उघडतं,” एवढे म्हणून तो पुढे गेला. मग प्रश्न सुरू झाले: ही मुलगी कोण, हा पक्षी तिचा का, हा देश आकाशात कसा गेला. चित्रावरून त्याला निम्मे कळत होते, उरलेले निम्मे विचारायला तो ज्या भाषेत आला ती मराठी होती.

ज्याला मराठी घरातून मिळालेली नाही, शाळेत विषय म्हणून शिकावी लागते, अशा मुलाला चित्राशेजारची मराठी फार लवकर कळते. अर्थाचा अर्धा भार चित्र उचलते. त्यातून विषय त्याच्या आवडीचा असला तर तो अडलेला शब्द सोडून देत नाही, त्याच्या मागे लागतो. पाठ्यपुस्तकातला धडा त्याला संपवायचा असतो; खेळाचे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडायचे असते. बालभारतीने १९७१ पासून ‘किशोर’ मासिक चालवून चित्र आणि मजकूर यांच्या जोडीची ताकद दाखवून दिली आहे. त्याच वाटेवर खेळांची पुस्तके एक पाऊल पुढे टाकू शकतात.

या मुलांच्या खेळण्याबद्दलची काळजी मला खोटी वाटत नाही. पण मूल खेळाविषयी वाचायला लागले की खेळाकडे थोडे बाहेरून पाहायला शिकते. हा राक्षस कुणीतरी काढला, हे संगीत कुणीतरी बसवले, ही गोष्ट अशीच का संपते, असे त्याच्या मनात येते. जो निव्वळ खेळत होता तो विचार करू लागतो, आणि कदाचित उद्या आपण असे काही करावे असे म्हणू लागतो. धाक दाखवून मोबाइल काढून घेण्यापेक्षा ही वाट मला अधिक भरवशाची वाटते.

७

सुरुवात परदेशी खेळांनीच करावी असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ २०२० साली आला. भाऊ गोलूला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत तिची गोष्ट सांगतात. वाटेत भिंतींवर चित्रे रंगवलेली आहेत, त्यांच्यासमोर थांबले की पुराणकथा उलगडते. पहाडी चित्रशैलीची छाया त्या सगळ्या दृश्यांवर आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी खेळ पुरा झाला आणि २०२०च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनात पोहोचला. पुढल्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आला. पुण्यातच घडलेल्या या जगाचे मराठी पुस्तक व्हायला हवे, हे कुणालाही पटावे. त्यातल्या भित्तिचित्रांवरच एक देखणा ग्रंथ होईल. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ मध्ये आला, त्यात भारतीय रंगरूपाचे भविष्य कल्पिले आहे. अशा खेळांत नावांचा प्रश्नही सोपा होतो, कारण नावे आपल्याच भाषाकुळातली.

परदेशी खेळांपैकी ‘माइनक्राफ्ट’ मला पहिला सुचतो. त्याची मार्गदर्शके २०१३ पासून निघत आहेत, अनेक भाषांत गेली आहेत, आणि त्यांतला मजकूर बांधकामाच्या कृतींचा, म्हणजे मुलाला वाचून लगेच हाताने करून पाहता येईल असा आहे. आपल्या भूमीला स्पर्श करणारे खेळही आहेत. ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतली ‘ब्राह्मण’ ही २०१३ची चित्रकथा शीख साम्राज्याच्या काळातली, आणि तिच्यातला अरबाज मीर २०१६ मध्ये त्या मालिकेच्या भारतावरच्या खेळात नायक झाला. अशा पुस्तकाला मराठीत आणताना भाषांतरकाराला इतिहासाचीही टिपणे जोडता येतील.

पैशाचे काय, हा प्रश्न राहतोच. हक्कांसाठी आगाऊ रक्कम द्यावी लागते, रंगीत छपाई महाग, आणि मराठी बालवाचकाच्या खिशाला झेपेल अशी किंमत ठेवायची. तीन मार्ग मला दिसतात. पहिला, वर सांगितलेला काळ्या प्लेटीचा: हिंदी, बंगाली, तेलुगू प्रकाशकांशी मिळून सहआवृत्ती काढावी. उर्दू आवृत्तीसाठी पानांची मांडणी उलटी करावी लागेल, तिचा हिशेब वेगळा धरावा. दुसरा, मागणीप्रमाणे प्रती छापण्याचा. मुंबईच्या अनेक प्रकाशक-वितरकांचे साठे आमच्या भिवंडी पट्ट्यातल्या गोदामांत असतात आणि मागणीबरहुकूम एकेक प्रत छापून देणारा रेप्रो इंडियाचा कारखानाही याच परिसरात आहे. कमी रंगांच्या मार्गदर्शकांना आणि संपलेल्या आवृत्त्यांच्या पुनर्मुद्रणाला हा मार्ग चांगला. तिसरा मार्ग ग्रंथालयांचा. १९६७च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जे जाळे विणले गेले, त्याच्या बालविभागांनी अशी पुस्तके घ्यायची ठरवली तर पहिल्या आवृत्तीचा घोर मिटतो. हॅरी पॉटर मराठीत आणला तो भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसने. मराठी बालवाचक परक्या जगाच्या जाड पुस्तकाला पैसे मोजतो, हे त्या प्रकाशकाने जोखले होते. मराठी चित्रकथेच्या प्रकाशकांनीही ते जोखावे.

८

पुढील पानांची रचना सांगून ही प्रस्तावना आवरतो. पहिल्या भागात सोबतपुस्तकांचे प्रकार आणि त्यांचा इतिहास आहे. दुसऱ्यात डार्क हॉर्स, उडॉन आणि युरोपीय संस्थांच्या कामाची पद्धत पानागणिक तपासली आहे. तिसरा भाग इंद्रजाल आणि अमर चित्र कथेच्या मराठी आवृत्त्यांना दिला आहे, कारण आपल्या भाषांतरकाराला पहिला धडा तिथेच मिळेल. चौथ्या भागात देवनागरी अक्षरलेखनाचे नियम, फुग्यांच्या मापांचे तक्ते आणि नामकोश तयार करण्याची रीत दिली आहे. ज्यांना हे काम हाती घ्यायचे आहे त्यांनी चौथ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. पालकांनी आणि शिक्षकांनी पहिला भाग आधी वाचावा, म्हणजे मुलांशी बोलायला विषय मिळेल.

जुने इंद्रजालचे अंक जपून ठेवणाऱ्या आणि ते हाताळू देणाऱ्या संग्राहकांचे, देवनागरी अक्षरांची मोजमापे तपासून देणाऱ्या मांडणीकारांचे, आणि प्रत्येक प्रकरणाचा कच्चा खर्डा वाचून जिथे कंटाळा आला तिथे खूण करून देणाऱ्या गल्लीतल्या मुलांचे मनापासून आभार. त्या खुणांनी पुस्तक बरेच सडपातळ झाले.

मराठीत असे पहिले पुस्तक कोण काढील हे ठाऊक नाही. पण जो काढील त्याच्या भाषांतरकाराला पहिल्याच दिवशी नावांचा, फुग्यांचा आणि प्लेटांचा प्रश्न पडेल, आणि त्या दिवशी हे पुस्तक त्याच्या टेबलावर असावे, एवढ्यासाठीच ते लिहिले आहे. त्याने यातले नियम वापरावेत, न पटले तर मोडावेत, आणि मोडताना अधिक चांगले नियम करून ठेवावेत, म्हणजे त्याच्यानंतर येणाऱ्याचे काम सोपे होईल.

निजामपुरा, भिवंडी